हिप्परग्याच्या पाण्याची सरळ रेघ

सोलापूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या रत्नागिरीच्या बायका आधी चादरींचं विचारतात. आणल्यात बाई, बघायला या. मग विचारतात उन्हाचं. माघ महिना होता, ऊन फार नव्हतं. पण तिथलं माघातलं ऊनसुद्धा दुपारी कपाळावर येऊन बसतं. आपल्यासारखा घाम येत नाही, नुसती कातडी तडतडते. माहेरचे सगळे बरे होते का, हे मात्र कुणी विचारलं नाही. म्हणून मीच सांगते. सगळे बरे होते. इतके बरे होते की मला राहून राहून त्यांचा राग येत होता.

माझं माहेर मूळचं करमाळा तालुक्यातलं. वडील गेल्यावर शेती वाट्याने लावली आणि माझा भाऊ, त्याला मी दादा म्हणते, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होऊन सोलापुरात राहायला आला. घरात तो, वहिनी, त्यांचा एकुलता एक दिलीप, आणि आक्का. आक्का आम्हा भावंडांत सगळ्यांत मोठी. लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालं नाही तोच नवरा गेला, मूल नव्हतं, सासरच्यांनी आणून घातली. तेव्हापासून ती माहेरी, म्हणजे आता दादाकडेच. दिलीप तान्हा होता तेव्हा वहिनी छातीच्या दुखण्याने कितीतरी महिने दवाखान्यात होती. त्या पोराला आक्काने न्हाऊमाखू घातलं, बोलायला शिकवलं, गोवर काढला. वहिनी बरी होऊन आली तर पोर तिच्याकडे जाईना, आक्काचा पदर धरून भोकाड पसरायचं. ते वहिनी अजून विसरलेली नाही.

आता हा दिलीप वेल्डिंग शिकला आणि त्याला आखातात नोकरी लागली. तो निघायच्या आधी सगळ्यांचा मिळून एक फोटो काढायचा, तो त्याने बरोबर न्यायचा, म्हणून मला बोलावणं आलं. यांना रजा मिळेना, मी एकटीच गेले. एसटीत काय काय झालं ते सांगत बसत नाही. तुम्हीही एसटीने हिंडताच.

साखर पेठ

दादाचं घर साखर पेठेत आहे. आजूबाजूला सगळे विणकर, बोलणं तेलुगू, आणि सकाळपासून मागांचा जो खडखडाट सुरू होतो तो थेट दिवेलागणीपर्यंत. पहिल्या दिवशी माझं डोकं उठलं. आपल्याकडे समुद्राची गाज असते, तिची सवय होते. ह्याची कशी होत असेल देव जाणे. शेजारची पद्मा नावाची बाई मला बघायला म्हणून आली, तिने माझं लुगडं बोटात धरून पोत तपासला आणि मान हलवली. त्यांना माणसाआधी कापड दिसतं. पण बाई मनाने चांगली, जाताना घरची चिंचेची आमटी देऊन गेली, आणि ती इतकी तिखट की खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

जेवणाला मात्र नाव ठेवायचं नाही, असं सोलापूरसारखं जेवण आपल्याकडे नाही. कडक भाकरी पापडासारखी मोडायची, वर शेंगाची चटणी. आपण शेंगदाण्याचं कूट करतो तसली भुसभुशीत नव्हे. आक्का ती उखळात इतकी कुटते की दाण्याचं तेल सुटून चटणीचा गोळा होतो. वर दही. भात कुणी विचारत नाही. मला दोन दिवस भाताशिवाय जेवल्यासारखं वाटलं नाही, तिसऱ्या दिवशी भाकरीची चटक लागली.

आता दादाचं. त्याची सगळी नोकरी कालव्यांवर गेली. पाणी कुठून कुठे उतरेल, जमिनीला उतार किती, हेच जन्मभर मोजत आला. गवंड्यांकडे पाणसळ असते ना, लाकडात बसवलेली काचेची नळी, आत एक बुडबुडा, तो मधोमध आला की वस्तू सरळ, ती हा माणूस घरात वापरतो. देव्हाऱ्यावर ठेवून बघतो. फळीवर ठेवून बघतो. मी पाटावर जेवायला बसले तर पाट एका बाजूला कलतो म्हणून त्याने मला ताटावरून उठवलं आणि पाटाखाली पुठ्ठा सारला. आणि अशा माणसाने कॅमेरा घेतला! आधी काढलेले फोटो त्याने मला दाखवले. माणसं कोण आहेत हे सांगायच्या आधी मागची रेघ दाखवायचा. "बघ, बांध कसा एका रेषेत आलाय. लोक फोटो काढतात आणि मागची जमीन घसरगुंडीसारखी. किळस येते मला."

आमच्याकडे अख्खा समुद्र पडलेला आहे आणि फोटो काढायचा झाला तर आम्ही बाजारपेठेतल्या स्टुडिओत जाऊन रंगवलेल्या पडद्यापुढे बसतो. समुद्र सरळ आहे की वाकडा, आजवर माझ्या तरी मनात आलं नव्हतं.

संध्याकाळी मी चुलीपाशी बसले होते. आक्का चटणी कुटत होती, दिलीपला न्यायला. मुसळ थांबवून हळूच म्हणाली, "सुमे, त्या फोटूत मला घेत्याल का गं?"

"न घ्यायला काय झालं?"

"न्हाय, तसं न्हाय. माझा एकबी फोटू न्हाय बघ. लगनातला हुता, त्यो सासरच्यांनी ठिवून घेतला. दिलीप एकदा तिकडं गेला म्हंजे काय, वर्सानुवर्सं न्हाय यायचा. त्याच्यापाशी मी असावी, येवढंच." मग स्वतःच लाजली. "तू बोल की वसंताला. माझ्यानं न्हाय बोलवत."

वसंता म्हणजे दादा. आपल्या धाकट्या भावाशी बोलायला ह्या बाईला मध्ये माणूस लागतो! मी लगेच उठून दादाकडे गेले. तो पाणसळीची काच पुसत होता. "येऊ दे की, जागा आहे," एवढंच म्हणाला. वहिनीने ऐकलं आणि कंदिलाची वात उगाच वरखाली केली.

हिप्परगा

तुळजापूरच्या रस्त्यावर शहराबाहेर हिप्परग्याचा तलाव आहे. मोठा दुष्काळ पडला तेव्हा ह्याचा तळ उघडा पडला होता म्हणे, भेगांमध्ये गुरांचे पाय अडकायचे. आम्ही गेलो तेव्हा भरलेला होता. मी समुद्र रोज बघणारी बाई, तरी मला ते पाणी आवडलं. समुद्र सारखा अंगावर येतो. हे पाणी कुणाच्या अध्यात ना मध्यात, आपलं पडून असतं. पलीकडच्या काठावर बाभळी, त्यांच्या मागे ज्वारीची रानं, आणि वर एवढं आभाळ की माणसाला उगाच हलकं वाटतं. वाटेत एका ओळखीच्या रानात हुरडा खाल्ला. आगटीत भाजलेली गरम कणसं तळहातावर चोळायची, फुंकर मारायची आणि तोंडात टाकायची. माझे हात भाजले, वहिनी हसली, आणि तेवढा वेळ आम्ही सगळे खरोखर खुशीत होतो.

काठावर पोचलो आणि दादाने कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड उभा केला. वर पाणसळ ठेवली. मग सुरू झालं. एक पाय वर, दुसरा खाली, बुडबुडा इकडे, बुडबुडा तिकडे. आम्ही उन्हात उभे. वहिनी म्हणाली, "तोंडं मोटी दिसू द्या, न्हायतर तितल्या लोकान्ला कोन कोन ते कळायचं न्हाय." म्हणून स्टँड उचलून जवळ आणला, परत पाय, परत बुडबुडा. रेघ नीट येते का हे बघायला म्हणून तो नुसत्या पाण्याचे फोटो काढत सुटला. माणूस नाही, जनावर नाही, नुसतं पाणी! मी म्हटलं, "दादा, रोल संपेल." तर म्हणे, "आधी क्षितिज होऊ दे. माणसांचं काय, माणसं कुठे जातात?"

शेवटी म्हणाला, उभे राहा. आक्काने डोक्यावरून पदर नीट घेतला. ठेवणीतलं फिकट निळं लुगडं नेसली होती. ती दोन पावलं पुढे आली आणि वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमी डब्यांपाशी थांबा की. कुत्री हायत हितं."

"कुत्र्यांना मी बघते," मी म्हटलं. "आक्का उभी राहील."

"मी काय कुनाला न्हाय म्हनत न्हाय. पन पोरगं पयल्यांदा दूरदेशी निगालंय. शुभाचा फोटू हाय..." पुढचं ती बोलली नाही. तिला बोलावंच लागत नाही. तिकडे काय आणि आपल्याकडे काय, हे अर्धं वाक्य सगळ्या बायकांना पुरं कळतं.

मी दिलीपकडे बघितलं. बावीस वर्षांचा घोडा. त्याने एकदा म्हणायचं होतं, आक्का इकडे ये. एवढंच. तो हातातलं नवं घड्याळ फिरवत पाण्याकडे बघत राहिला.

"भांडू नका, ऊन उतरतंय," दादा कॅमेऱ्यामागून ओरडला. "आक्काला शेवटाला उभी करा. हातभर जागा सोडून. म्हणजे झालं."

ही हातभर जागा आमच्या माहेरची रीत. विधवेला शुभाच्या ठिकाणी येऊ द्यायचं, पण कुणाच्या अंगाला अंग लागू द्यायचं नाही. म्हणजे आपण तिला बोलावलं असंही होतं आणि बोलावलं नाही असंही होतं. ओळ अशी लागली: एका टोकाला दादासाठी मोकळी जागा, मग वहिनी, मधे दिलीप, मग मी, मग हातभर रिकामं, आणि आक्का. मी तिच्याकडे सरकले तर वहिनीने दिलीपच्या मागून हात घालून माझं कोपर धरलं आणि मागे ओढलं.

दादाने बटणाची किल्ली फिरवली, म्हणजे थोड्या वेळाने कॅमेरा आपला आपण फोटो घेतो, आणि आमच्याकडे धूम पळत सुटला. पोट सुटलेला, शर्ट इन केलेला ओव्हरसियर, काळ्या ओल्या मातीत चपला फदाफद वाजवत! आक्का हसली. तोंडाला पदर लावायचं विसरून हसली. तेवढ्यात खट्ट झालं.

दादा परत गेला, पाणसळीत डोकावला आणि कपाळावर हात मारून घेतला. तो पळाला त्या धक्क्याने स्टँडचा एक पाय मातीत रुतला होता. "गेली! लेव्हल गेली!" रोलमध्ये आणखी फोटो उरला नव्हता. बाकी सगळे पाण्याचे काढून झाले होते. दुसरा रोल घ्यायला शहरात जाऊन येईपर्यंत अंधार पडला असता, आणि दुसऱ्या दिवसापासून दादाला सुट्टी नव्हती. धपाटे आणले होते ते कुणीच नीट खाल्ले नाहीत. एकटी आक्का खुशीत होती. येताना एसटीत मला म्हणाली, "आले न्हवं मी त्यात?"

स्टुडिओ

फोटो आणायला दादाबरोबर मी मुद्दाम गेले. स्टुडिओवाले एक म्हातारे चाचा होते, तोंडात पान, बोलणं त्यांचं सोलापुरी उर्दू. त्यांनी ओला कच्चा फोटो पुढे ठेवला.

पाणी तिरकं आलं होतं हे खरं. दादाच्या बाजूला वर आणि आक्काच्या बाजूला खाली, ताटातलं सांडावं तसं. पण आक्का! मी त्या बाईला माझ्या जन्मापासून बघते आणि तो चेहरा मी कधी बघितला नव्हता. गाल वर गेलेले, डोळे बारीक झालेले, पदर खांद्यावर आलेला. ती वीस वर्षांची असताना कशी दिसत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

दादाने काय बघितलं? रेघ. "छे छे छे. खात्यातल्या कुणी बघितलं तर तोंड दाखवायला जागा नाही राहायची. ओव्हरसियरच्या घरचा फोटो आणि पाणी असं?"

"सीधा हो जाता साब," चाचा म्हणाले. "घुमाके छापतूं. लेकिन किनारे कटते. दोनों तरफ का नै बचता, एक तरफ का बचातूं. कौनसा रखना बोलो." त्यांनी कागदाच्या दोन पट्ट्या फोटोवर तिरक्या ठेवून दाखवल्या. एका बाजूने ठेवल्या तर दादा जात होता. दुसऱ्या बाजूने ठेवल्या तर आक्का.

दादाने विचारसुद्धा केला नाही. स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "ही बाजू ठेवा."

"दादा, त्यात आक्का जाते."

"मग? पोराच्या फोटोत बाप नको?"

"बाप हवाच. पाणी वाकडं राहू दे ना! कुणाचं काय जातं?"

"पाणी वाकडं नसतं, सुमन," तो लहान पोराला समजवावं तसं म्हणाला. "आणि ती जरा लांबच उभी होती. जवळ असती तर आली असती. त्याला मी काय करू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिला लांब कुणी उभं केलं?" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की बाकड्यावर बसलेलं नवीन लग्नाचं जोडपं दचकून उठलं. दादा रस्त्याकडे बघायला लागला. चाचांनी पट्ट्या गोळा केल्या. मी त्यांना म्हटलं, हा कच्चा मला द्या. त्यांनी वाळवून वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

निघायच्या आदल्या दिवशी

सरळ केलेला फोटो घरी आला. वहिनी म्हणाली, "ब्येस आलाय की!" खरंच बेस आला होता. पाण्याची रेघ पट्टीने ओढावी तशी. दादा, वहिनी, दिलीप, मी. माझ्या बाजूला कागद संपला होता.

आक्का भाकरी टाकून, हात पुसून आली. फोटो दोन्ही हातांत धरून ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत बघितला. मग त्या कडेपासून ह्या कडेपर्यंत. कुणीतरी काहीतरी बोलेल असं मला वाटलं. शेवटी तीच म्हणाली, "पानी लई सरळ आलंय, वसंता," आणि तव्यावर भाकरी आहे म्हणून आत गेली. दादाला ते कौतुक वाटलं. तो हसला, मी शपथेवर सांगते, तो हसला.

दुपारी दिलीप ट्रंक भरत होता. मी त्याला वर्तमानपत्रातला फोटो काढून दिला. "हा ने. ह्यात आक्का आहे."

त्याने बघितला. "ह्यो वाकडा हाय गं, आत्या. तितं रूमवर लावायचा, पोरं हसतील की."

"अरे, तिने तुला वाढवलंय."

"मग? आक्काला मी इसरनार हाय व्हय?" वाईट पोरगा नाही तो. अगदी मनापासून म्हणाला. सरळ फोटो त्याने शर्टांच्या घडीत ठेवला, वाकडा खाटेवर राहिला, आणि तो मित्रांना भेटायला निघून गेला. त्याच्याशी भांडायची माझ्यात ताकद उरली नव्हती.

आक्का शेंगाच्या चटणीची पुडी घेऊन आली आणि तिला खाटेवरचा फोटो दिसला. आधी तिने पुडी खाली ठेवली. मग खिडकीशी जाऊन फोटो उजेडात धरला, आणि हात जरा तिरपा केला. "सुमे, हितं ये. असा धरला की हुतंय की सरळ."

मी बघितलं. तिने कागद कलता धरला होता आणि पाणी सपाट झालं होतं. आम्ही माणसं तेवढी एका बाजूला झुकलो होतो, पण होतो सगळे.

"हसले व्हय मी?" ती बराच वेळ स्वतःकडे बघत राहिली.

"ठेव तुझ्याजवळ," मी म्हटलं. "चौकट करून लाव."

"कुटं लावू? हितं माझी भिंत कुटली हाय?" तिने फोटो परत वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. "तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे." मग ती ट्रंकेपाशी बसली आणि चटणीची पुडी, तेल त्या सरळ फोटोला लागू नये म्हणून, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली.